ट्रॉलीच्या चेसीला तडा गेला तर



साखर कारखान्याच्या गव्हाणीत हंगामाची पहिली मोळी पडली की आपल्या भागातल्या रस्त्यांचा रंग पालटतो. येरमाळ्याचीच गोष्ट घ्या. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता आणि बार्शीहून कळंबकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. एरवी हे गाव येडेश्वरीच्या दर्शनाला येणाऱ्यांचे. पण हंगामात पाहावे तर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या, टायरगाड्या आणि मालमोटारी यांची रीघ. त्यात बालाघाटचा डोंगर जवळच. म्हणजे चढ आला, उतार आला, वळणे आली. अशा वाटेवर भरल्या ट्रॉलीची दांडी मोडली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ट्रॉली सुटून मागे घसरते. तिच्यामागे एखादा दुचाकीवाला असतो. आणि ऊसतोडीला निघालेल्या टोळीचे बिऱ्हाड त्याच ट्रॉलीत असले, तर पोरेबाळेही वर बसलेली असतात.

दांडी किंवा चेसी अशी अचानक मोडली, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ती अचानक मोडत नाही. महिना-दोन महिने आधी तिने नोटीस दिलेली असते. केसाएवढी बारीक रेघ, तिच्यातून ओघळलेला तांबूस गंज, उडालेला रंग. ही नोटीस वाचायला कसे शिकावे, तडा दिसल्यावर तो कसा जोडावा, आणि कोणता तडा मुळीच जोडू नये, याचा आज विचार करू या.

पहिल्यांदा, नेहमी काय घडते ते पाहू. ड्रायव्हरला तडा दिसतो. तो ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानासमोर उभी करतो आणि म्हणतो, "मिस्त्री, दोन टाके मारून द्या की. खेप चुकंल." मिस्त्रीलाही गिऱ्हाईक मोडवत नाही. तो गंजावरून, रंगावरूनच रॉड फिरवतो. वर जाडजूड शिवण दिसते, गिऱ्हाईक खूश होते. आठ-दहा खेपा होतात, आणि तडा पुन्हा दिसतो. बहुतेक वेळा त्या शिवणीच्या अगदी काठाने. मग तिच्यावर आणखी एक थर, त्यावर एक पट्टी. शेवटी चॅनेलपेक्षा वेल्डिंगच जास्त होते, आणि तरीही चेसी मोडते. मग दोष कुणाच्या माथी? ड्रायव्हर म्हणतो वेल्डिंग कच्चे, मिस्त्री म्हणतो लोखंडच खराब. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. तडा हे दुखण्याचे लक्षण आहे. दुखणे वेगळेच असते.

ते दुखणे समजण्यासाठी एक तार घ्या. बांधणीची तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच तार एकाच जागी दहा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवली, की पटकन हातात येते. लोखंड थकते. एका झटक्यात तोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या किती तरी कमी जोर पुन्हा पुन्हा दिला तरी ते तुटते. ट्रॉलीची चेसी प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक गतिरोधकावर, प्रत्येक ब्रेकला थोडी वाकते आणि पुन्हा सरळ होते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण एका हंगामात हे लाखो वेळा घडते.

ही गोष्ट जगाला मोठी किंमत मोजून कळली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्साय इथून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणाला मुकली. इंजिन तर नेहमीसारखेच चालले होते, मग आस मोडला कसा? रँकिन या तरुण अभियंत्याने पुढच्या वर्षी अशा मोडलेल्या आसांविषयी लिहिले. आसाची जाडी जिथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यापाशी बारीक तडा सुरू होतो आणि हळूहळू आत सरकत जातो, असे त्याने दाखवले. पुढे प्रशियाच्या रेल्वेतले वोलर यांनी १८५० नंतरची कित्येक वर्षे आसांवर प्रयोग केले. त्यांतून निघालेला नियम आजही पाळला जातो. जोर जितका कमी, तितके फेरे जास्त. जोर जितका जास्त, तितके आयुष्य कमी.

पण हे कमी-जास्त सारख्या मापाने होत नाही. शिक्षक बंधूंनी हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे. वेल्ड केलेल्या सांध्यांसाठी अभियंते घनाचा ठोकताळा वापरतात. भार सव्वापट केला, तर सव्वाचा घन म्हणजे जवळजवळ दोन. म्हणजे सांध्याचे आयुष्य निम्मे झाले. भार दीडपट केला, तर घन सव्वातीनच्या वर जातो आणि आयुष्य तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरते. भार दुप्पट केला, तर आयुष्य आठवा हिस्सा. जी ट्रॉली आठ हंगाम टिकायची, ती एका हंगामात तडकते. "थोडा जास्त माल टाकला तर काय बिघडलं?" या प्रश्नाचे उत्तर या घनात आहे.

आता तडा पुढे का सरकतो ते पाहू. कापडाच्या दुकानात गेलात, तर दुकानदार काय करतो? कापडाला कात्रीने बोटभर काप देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. काप दिला नाही, तर तेच कापड पैलवानालाही फाटणार नाही. कारण कापाच्या टोकाशी सगळा ताण एका धाग्यावर येतो. तो तुटला की पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. लोखंडातल्या तड्याचेही असेच आहे. तड्याचे टोक सुईपेक्षा बारीक असते आणि सगळा ताण तिथे गोळा होतो. म्हणून जाणता कारागीर तड्याच्या टोकाला एक गोल भोक पाडतो. टोक बोथट होते, ताण भोकाच्या गोलाईवर वाटला जातो, आणि तड्याची धाव थांबते.

शाळेत हे दाखवायला खर्च नाही. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. दोन्हींच्या कडेला ब्लेडने बोटाच्या पेराएवढा सारखाच काप द्या. एका पट्टीतल्या कापाच्या टोकाशी पंचने गोल भोक पाडा. दोन्ही पट्ट्या हळूहळू ओढा. कोणती आधी फाटते, ते मुले स्वतःच सांगतील. कोपरा टोकदार नसावा, गोल असावा, हा धडा विमानांनाही शिकावा लागला. १९५४ साली इंग्लंडची कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने आकाशातच फुटली. फार्नबरो येथे त्याच जातीचे एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा आतून दाब दिला, तेव्हा कळले की पत्र्यात खिडकीसाठी कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापासून तडे सुटत होते. आपली ट्रॉली आणि ते विमान यांची बरोबरी नाही, पण लोखंड असो की ॲल्युमिनियम, नियम एकच.

तेव्हा ट्रॉलीवर तडा कुठे शोधावा? जिथे कडक भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथे. पहिली जागा, पुढची दांडी लांब चॅनेलला मिळते तो सांधा. दुसरी, कमानपाटे ज्या ब्रॅकेटांना टांगलेले असतात त्यांच्या आजूबाजूची जागा. तिसरी, आडव्या चॅनेलांची टोके. चौथी, कुणीतरी केव्हातरी पाडून ठेवलेली भोके आणि जुन्या पट्ट्यांची टोके. आणि पाचवी, हुकाचे गळे.

रेघ दिसते, पण ती तडा आहे की नुसता ओरखडा, हे कळत नाही. आणि तडा असला तरी तो कुठे संपतो, हे डोळ्याला दिसत नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत ती सर्रास वापरत. जागा तारेच्या ब्रशने घासून, रंग काढून स्वच्छ करा. तिथे रॉकेल किंवा डिझेल लावा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा. मग कोरड्या फडक्याने पुसून अगदी लख्ख करा. आता वरून खडूची पूड किंवा चुन्याचा पातळ हात द्या आणि तो वाळू द्या. जवळ हातोडीने हलके ठोका. तड्यात शिरलेले तेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. रेघ जिथे संपते, तिथवर तडा गेला असे समजावे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत चुन्याच्या रानात चुनखडी वेचणाऱ्या येरमाळ्याच्या माणसांना चुना कुठून आणावा, हे सांगायला नकोच.

तडा सापडला. आता जोडायचा. पण रॉड पेटवण्याआधीची तयारीच निम्मे काम असते.

ट्रॉली रिकामी करा. सपाट जागेवर घ्या. ट्रॅक्टर सोडवून बाजूला लावा. चाकांना दगड लावा. ट्रॉली नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली शिरू नये. खाली लाकडाचे भक्कम ठोकळे हवेत. उचलणारी हायड्रॉलिक ट्रॉली असेल, तर वर उचललेल्या साट्याला लोखंडी टेकू दिल्याशिवाय डोकेही आत घालू नये. पाचट, चिपाडे, ग्रीस, तेलाच्या नळ्या दूर करा. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी असू द्या. चाकाजवळ वेल्डिंग असेल तर चाक काढून ठेवा. हवा भरलेले टायर तापले, तर ते बाँबसारखे फुटते आणि आजवर त्यात माणसे गेली आहेत. अर्थिंगचा चिमटा तड्याच्या अगदी जवळ लावा. तो लांब कुठेतरी लावला, तर वीज बेअरिंगमधून वाट काढते आणि बेअरिंग खराब होते.

मग माप घ्या. तडा गेलेली चेसी बहुधा थोडी वाकलेली असते. वाकडी आहे तशीच जोडली, तर ती वाकडेपणी पक्की होते. टायर एका बाजूने झिजतात आणि तडा परत येतो. इथे भूमिती कामी येते. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा आणि गाठ मारा. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांवर तीच दोरी धरा. गाठ जुळली तर सांगाडा काटकोनात आहे. नाही जुळली, तर आधी जॅकने सरळ करा आणि मगच शिवा.

आता तड्याकडे वळू. रेघ जिथे संपली, तिथे सहा ते आठ मिलिमीटरचे आरपार भोक पाडा. भोकाच्या काठावर पुन्हा रेघ दिसते का ते पाहा. दिसली, तर तडा अजून पुढे आहे. आणखी पुढे भोक घ्या. नंतर ग्राइंडरने पूर्ण तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर पाडा. चरीची दोन्ही अंगे मिळून साधारण साठ अंशांचा कोन व्हावा, आणि तळाशी दोन-तीन मिलिमीटर फट राहावी. ही चर का पाडायची? कारण नुसते वरून फिरवलेले वेल्डिंग वरचे दोन-तीन मिलिमीटर जोडते, आणि खाली तडा जसाच्या तसा राहतो. जखम आत पिकलेली ठेवून वरून मलमपट्टी करावी, तसे ते होते. चर पाडताना तड्याची काळी रेघ पूर्ण नाहीशी झाली पाहिजे.

रॉड कोणता? साध्या कामाला ६०१३ क्रमांकाचा रॉड सगळीकडे मिळतो. जाड चॅनेल आणि जास्त ताणाच्या सांध्याला ७०१८ क्रमांकाचा रॉड अधिक चांगला, पण त्याची दोन पथ्ये आहेत. एक, तो अगदी कोरडा हवा. पावसाळ्यात उघडा पडलेला असा रॉड दमट होतो, त्या दमटपणातून हायड्रोजन शिवणीत शिरतो, आणि थंड झाल्यावर शिवणीच्या काठाला नवा तडा जातो. म्हणून तो भट्टीत तापवून वाळवावा लागतो. किती अंशांवर आणि किती वेळ, ते डब्यावर छापलेले असते. दुसरे पथ्य असे की प्रत्येक साध्या मशीनवर तो नीट चालत नाही. चालत नसेल, तर हट्टाने मारलेल्या ७०१८ पेक्षा नीट मारलेला ६०१३ बरा. विजेचा प्रवाह किती ठेवावा, हेही डब्यावर लिहिलेले असते. प्रवाह कमी पडला तर शिवण नुसती वर बसते. जास्त झाला तर काठाला खाच पडते, आणि ती खाच म्हणजे पुढच्या तड्याचे बी होय.

वेल्डिंग भोकाकडून सुरू करून चॅनेलच्या काठाकडे न्यावे. काठाला एक छोटा लोखंडी तुकडा टाक्याने लावून ठेवावा, म्हणजे शिवणीचा शेवट त्या तुकड्यावर होतो. नंतर तो कापून काढावा. एकेक थर द्यावा. प्रत्येक थरावरचा काचेसारखा कडक पापुद्रा हातोडीने आणि ब्रशने पूर्ण काढल्याशिवाय पुढचा थर देऊ नये. मागची बाजू हाती लागत असेल, तर ती घासून तिथूनही एक थर द्यावा. शेवटी भोकही भरून घ्यावे.

आणि एक गोष्ट, जी आमच्या लोहारकीच्या सवयीमुळे हमखास चुकते. तापलेली शिवण लवकर थंड व्हावी म्हणून तिच्यावर पाणी ओतू नका. विळा-कोयत्याला पाणी देतात, कारण धार कडक व्हावी लागते. चेसीला कडकपणा नको, चिवटपणा हवा. पाणी दिलेली शिवण कडक होते, आणि कडक झालेली शिवण तडकते. तिला आपोआप निवू द्या; तेवढ्यात चहा घ्या.

थंड झाल्यावर शिवण ग्राइंडरने समतल करा. मात्र ग्राइंडरचे ओरखडे चॅनेलच्या लांबीच्या दिशेने राहिले पाहिजेत. आडवा ओरखडा हा एक बारीक काप असतो, आणि कापाचे काय होते ते कापड दुकानदाराने आपल्याला दाखवलेच आहे.

आता पट्टीचा प्रश्न. वरून मजबुतीची पट्टी मारावी की नाही? मारावी, पण कशी, यात सगळे आहे. विरलेल्या धोतराला जाड मांजरपाटाचे ठिगळ लावले, तर धोतर पुढच्या वेळी कुठे फाटते? ठिगळ शाबूत राहते आणि त्याच्या काठाने धोतर फाटते. चेसीचे तसेच. जाड, चौकोनी पट्टी मारली, की ती जागा लाकडासारखी ताठ होते; सगळी लवचीकता पट्टीच्या काठावर येते आणि तडा तिथे जातो. म्हणून पट्टी चॅनेलपेक्षा जाड नसावी. तिची टोके चौकोनी न ठेवता निमुळती, शंकरपाळ्यासारखी कापावीत आणि कोपरे गोल करावेत. ती तड्याच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस लांब असावी. तिच्या लांब बाजू शिवाव्यात; चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पाखांवर आडवी शिवण घालू नये, कारण सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. आतली आणि बाहेरची अशा दोन पट्ट्या असतील, तर त्यांची टोके एकाच रेषेत येऊ देऊ नयेत. आणि पट्टी ही तडा नीट जोडल्यावरच. तडा झाकायला पट्टी नव्हे.

इतके केले म्हणजे तडा जोडला. पण दुखणे गेले का? इथे थांबून एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तडा इथेच का गेला? यू-बोल्ट ढिले आहेत का? एका बाजूचा कमानपाटा तुटलेला आहे का? म्हणजे भार एकाच अंगावर येतो. दोन टायरांत हवा कमी-जास्त आहे का? हुकाची पिन झिजून खुळखुळते आहे का? अशी पिन प्रत्येक ब्रेकला दांडीवर घणाचा घाव घालते. आणि शेवटी, भार किती? कारण सापडले नाही आणि दुरुस्त झाले नाही, तर उत्तम मिस्त्रीचे उत्तम वेल्डिंगही हंगाम काढणार नाही.

भाराचा हिशेब सांगाडा बनवण्याआधी करावा, याचे एक सुरेख उदाहरण आपल्या शेजारीच घडले. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फूट रुंदीचे छोटे रूळ. पुढे ती येडशी, ढोकी करीत १९११ साली लातूरपर्यंत गेली. आता तो मार्ग रुंदमापी झाला आहे, पण जुन्या माणसांना ती छोटी गाडी आठवत असेल. कॅलथ्रॉप यांनी पहिला नियम असा ठरवला की कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडायचा नाही, मग ते इंजिन असो की डबा. जास्त वजन वाहायचे असेल तर आस वाढवायचे, आसावरचा भार वाढवायचा नाही. डब्यांचे सांगाडेही त्यांनी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे केले, म्हणजे ते हलके असून मजबूत. त्यांनी आधी भार ठरवला आणि मग सांगाडा ठरवला. आपण सांगाडा विकत आणतो आणि भार देवावर सोडतो.

आता, काय जोडू नये, ते सांगतो. हे विशेष लक्षात ठेवावे. कमानपाटा तुटला तर तो वेल्ड करू नये. त्याचे पोलाद वेगळे असते आणि वेल्डिंगशेजारी ते काचेसारखे ठिसूळ होते. नवा पाटा घालावा. एक्सल वेल्ड करू नये. हूक आणि त्याची पिन यांना तडा असेल तर बदलावे. शंभर रुपयांच्या वस्तूवर शंभर जीव टांगू नयेत. मालमोटारीच्या काही चेसी विशेष ताकदीच्या पोलादाच्या असतात. त्यांना भोक पाडायलाही कंपनीची मनाई असते, म्हणून आधी विचारावे. चॅनेल गंजून पातळ झाले असेल, एकाच जागी तिसऱ्यांदा तडा गेला असेल, किंवा एका चॅनेलवर तीन-चार ठिकाणी तडे असतील, तर ते चॅनेलच बदलावे. जुने धोतर किती शिवावे यालाही मर्यादा आहे.

नळीच्या सांगाड्यांविषयी दोन शब्द. मोटारसायकल, फवारणीची गाडी, किंवा पर्यटनाच्या ठिकाणी वाळूत आणि डोंगरवाटेवर फिरवतात ती चार चाकांची मोटारसायकल, यांचे सांगाडे पोकळ नळीचे असतात. त्यांनाही हेच नियम आहेत: कारण शोधा, टोक शोधा, भोक पाडा, चर पाडा. मात्र नळीचा पत्रा पातळ, म्हणून प्रवाह कमी ठेवावा लागतो. नळी पूर्ण तुटली असेल, तर आतून घट्ट बसेल असा नळीचा तुकडा सरकवून मग बाहेरून जोडावे. दोन्ही तोंडे बंद असलेल्या नळीला आधी एक बारीक भोक पाडावे, कारण आतली हवा तापून फुगते आणि शिवण उडवते. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी, आणि बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

गुरुजनांना एक विनंती. वेल्डिंगच्या दुकानापुढे मुले उभी राहून निळा उजेड बघत बसतात. त्या उजेडात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, डोळे उघडत नाहीत. वेल्डरने काळ्या काचेचा मुखवटा घ्यावाच, आणि मुलांना शाळेतच सांगावे की तो उजेड पाहायचा नसतो. त्रास झालाच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून होल्डर धरू नये, हे मोठ्यांनीही पाळावे.

दुरुस्ती झाली, रंग दिला, म्हणजे काम संपले असे समजू नका. पहिली भरली खेप टाकून आल्यावर त्या जागेकडे बॅटरीच्या उजेडात नीट पाहा. मग हंगामभर आठवड्यातून एकदा. बाजाराच्या दिवशी चाके, बोल्ट आणि सांधे पाहायचे, असा नेम ठेवला की विसरत नाही. शिवणीवर फिका रंग द्यावा, म्हणजे गंजाची रेघ लगेच दिसते. काळ्या रंगात तडा लपतो. आणि वहीत एक ओळ लिहून ठेवावी: तारीख, जागा, काय केले. पुढच्या वर्षी ती वही मिस्त्रीच्या हाती दिली, तर त्याचे निम्मे काम झालेले असते.

कुणी म्हणेल, "एवढं सगळं करायला वेळ कुठाय? अर्धा दिवस मोडतो." खरे आहे, अर्धा दिवस मोडतो. ज्या टोळीने मुकादमाकडून उचल घेतली आहे, तिला एक दिवस फार मोठा असतो, हेही खरे. नवरा-बायकोचा एक कोयता, आणि त्या कोयत्यावर वर्षाचा संसार. पण हिशेब असा मांडा. दोन टाके मारून घेतले, तर दर पंधरवड्याला तेच काम, आणि घाटात मोडली तर ऊस, ट्रॉली आणि हंगाम, तिन्हींची वाट. अर्धा दिवस दिला, तर चेसी पुन्हा कामाला लागते. आणि घाटात जे मोडते, त्यात माणूस सापडला तर त्याला वेल्डिंग नाही.

मिस्त्री मंडळींनाही एक सांगणे आहे. तुमच्या हातात कला आहे. गिऱ्हाईक घाई करते, पैसेही कमी देते, हे मान्य. पण जिथे जोडू नये तिथे "हे मी जोडणार नाही, बदलून आणा" असे म्हणणे, हाही तुमच्या कसबाचाच भाग आहे. आणि मालकांनी अशा मिस्त्रीवर रागावू नये. त्याने आपले गिऱ्हाईक गमावून तुमचा ड्रायव्हर वाचवलेला असतो.

तेव्हा तडा दिसला की चार गोष्टी या क्रमाने करा. ट्रॉली रिकामी करून उभी करा. तड्याचे टोक शोधा. तडा का गेला ते शोधा. आणि मग, सगळ्यात शेवटी, मिस्त्रीला रॉड पेटवायला सांगा.